एकोणतीसचा पाढा

मेंदूच्या लहरींवर काम करते असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. आमच्या मनातलं तुम्हाला कळतं का, हा पहिला, आणि तुम्ही डॉक्टर का, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली. डोक्याला चांदीच्या चकत्या चिकटवायच्या, आतून जे काही अगदी बारीकसं झिरपतं ते मोठं करायचं, आणि त्यावर एखादा दिवा लागतो का, घंटा वाजते का ते बघायचं, हा माझा धंदा. आता त्याला भारदस्त नावं आलीत आणि चकत्याही ढिगाने लावतात. मी सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे फक्त एक सुई होती. ती हलावी म्हणून मी जितकी भांडले तितकी स्वतःच्या लग्नासाठीसुद्धा घरच्यांशी भांडले नाही, आणि तेव्हाही काही कमी भांडले नव्हते.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. राहायला डोंबिवली, नोकरी ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात. हृदयाचा आलेख काढायची यंत्रं तिथे दुरुस्तीला यायची, अधूनमधून एखादं नवंही बनायचं. त्याच्या जोडीला मुंबईतल्या एका संस्थेत मी पीएचडीला नाव घातलेलं. ज्याला हात हलवता येत नाही, तोंडाने बोलता येत नाही, त्याला नुसत्या मेंदूच्या लहरींनी चालवता येईल असं बटण बनवायचं, हा माझा विषय. आमचे मालक भला माणूस, पण चिडवायची संधी सोडायचे नाहीत. ऑफिसातला पंखा लावायचा असला की मला हाक मारायचे आणि म्हणायचे, मॅडम, जरा विचार करा, पंखा फिरू दे.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, कारण त्या दिवशी वीज बंद. रविवारी सगळं जग घरी लोळत असायचं तेव्हा आम्ही कामावर. मालकांनी मला किल्ली देऊन ठेवलेली. शुक्रवारी मी एकटी जायचे, शटर अर्धं वर करायचे आणि त्या उजेडात माझं यंत्र बॅटरीवर चालवायचे. चकत्या डोंबिवलीच्या एका सोनाराकडून करून घेतलेल्या. जोडवी करायची का, असं त्याने विचारलं तेव्हा मी डोक्याला लावायच्यात म्हणाले, आणि नंतर तो बराच वेळ माझ्याशी फार सांभाळून बोलत होता.

यंत्र म्हणाल तर सोपं होतं. माणूस डोळे मिटून निवांत पडला की डोक्याच्या मागच्या बाजूला एक संथ, एकसारखी लहर उठते. डोळे उघडले, किंवा मिटल्या डोळ्यांनीच डोक्याला ताण देऊन विचार सुरू केला, की ती लहर मोडते. माझी सुई लहर असेपर्यंत वर राहायची आणि लहर मोडली की खाली पडायची. मी स्वतःच्याच डोक्याला चकत्या लावून बसायचे आणि मनात पाढे म्हणायचे. पाढा सुरू केला की सुई खाली, सोडला की वर. म्हणजे होय म्हणायचं असेल तर मनात पाढा म्हणायचा, नाही म्हणायचं असेल तर स्वस्थ पडायचं. इतकं साधं, आणि इतकं छान चालायचं की मला वाटायचं, आता फक्त पेढे वाटायचे राहिलेत.

त्याच सुमारास आईला बाजारात काका भेटले. काका म्हणजे आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचे यजमान.

बाईंनी मला तीन वर्षं शिकवलं. त्या छडी वापरायच्या नाहीत, आवाजही चढवायच्या नाहीत. चुकीचं उत्तर कानावर पडलं की खडू टेबलावर ठेवायच्या, डोळे मिटून घ्यायच्या, आणि बरोबर उत्तर येईपर्यंत उघडायच्या नाहीत. सगळा वर्ग श्वास धरून बसायचा. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी एकदा फळ्यावर बेरीज चुकवली, तर बाईंनी डस्टर त्यांच्या हातात दिलेला. कुणाला वाईट वाटेल म्हणून चुकीला बरोबर म्हणणं त्यांना जमलंच नाही. त्यांचा मुलगा माझ्या पुढच्या वर्गात होता. एका सहामाहीत त्याला त्यांनी स्वतः नापास केलं, आणि कारण काय तर रीत चुकीची होती, उत्तर नशिबाने बरोबर आलेलं. मी इंजिनियर झाले ती त्यांच्या त्या मिटलेल्या डोळ्यांच्या धाकाने, असं मी आजही मानते.

निवृत्तीला थोडे महिने राहिलेले असताना बाई स्वयंपाकघरात कोसळल्या. मेंदूच्या देठापाशी रक्त पोचायचं थांबलं. जीव वाचला, श्वास चालू राहिला, बाकी सगळं बंद पडलं. हातपाय नाहीत, वाचा नाही, पापण्यासुद्धा मिटलेल्या. बोटाने उचलल्या तर बुबुळं जिथल्या तिथे. नाकात नळी. डॉक्टर चांगले होते, खोटी आशा दाखवायचे नाहीत. ते म्हणाले, यांना ऐकू येतं की नाही, कळतं की नाही, आम्हाला सांगता येणार नाही. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर राहायला म्हणून टिटवाळ्याला नव्या इमारतीत तळमजल्याची जागा घेऊन ठेवलेली, तिथे ते बाईंना घेऊन गेले. एक मावशी सकाळी यायची, बाकी सगळं काका स्वतः करायचे.

आईने सांगितलं आणि मी दुसऱ्याच दिवशी टिटवाळ्याला गेले. मला वाटलेलं काका थकलेले असतील, रडतील. तसं काहीच नाही. त्यांनी चहा केला, यंत्राबद्दल बारकाईने विचारलं, आणि मग म्हणाले, "बाळ, ती बरी होणार नाही हे मला ठाऊक आहे. मला फक्त एवढंच सांग, ती आत आहे का?"

पुढे त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. मुलगा पुण्याला. त्याने तिथे एक चांगली जागा बघून ठेवलेली, जिथे अशा रुग्णांना सांभाळतात. बाईंना कूस बदलवून बदलवून काकांची कंबर गेलेली, आणि मुलाला दोघांचीही काळजी. त्याचं काही चूक नव्हतं. काकांनी त्याला संक्रांतीपर्यंत थांबायला सांगितलेलं. ती आत नसेल तर मी तुझं ऐकतो, पण असेल तर तिला विचारल्याशिवाय हलवणार नाही, असं त्यांनी त्याला बजावलेलं. म्हणजे बाईंनी कुठे राहायचं ते आता माझ्या सुईवर होतं. मी काकांना म्हणाले, पुढच्या रविवारी रजा टाकून येते आणि सांगते.

त्या रविवारी मी अशी तोंडावर आपटले की आठवलं तरी कान गरम होतात. बाईंच्या डोक्याला मागे चकत्या लावल्या, यंत्र चालू केलं आणि सुई जी वर जाऊन बसली ती हलेचना. बाईंच्या डोक्यावरून चकत्या काढून तारा नुसत्या हवेत धरल्या तरी सुई वरच. भिंतीतल्या वायरींची गुणगुण माझं यंत्र पकडत होतं, त्यात बाईंची लहर शोधायची म्हणजे वरातीच्या बँडमध्ये कुजबुज ऐकण्यासारखं होतं. घराचा मेन स्विच पाडला तरी वरच्या मजल्यांची गुणगुण चालूच. आणि हे मला इतके महिने कळलं नव्हतं, कारण मी यंत्र तपासलं ते फक्त शुक्रवारी. इस्टेटभर वीज बंद, भिंती मुक्या. माझा जो अ‍ॅम्प्लिफायर मला एवढा गुणी वाटायचा तो गुणी नव्हताच, त्याला त्रास द्यायला कुणी नव्हतं एवढंच. मुंबईतल्या माझ्या मार्गदर्शकांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. शुक्रवारी सुट्टी असणाऱ्या लोकांनाच ही चूक करता येईल, असं म्हणाले.

मी यंत्रात ती गुणगुण गाळणारी गाळणी बसवली, तारांना आवरण केलं, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. शेवटी म्हटलं, शुक्रवारच आपला. टिटवाळ्यालाही त्या दिवशी दुपारपर्यंत वीज नसायची. तेव्हापासून माझा प्रत्येक शुक्रवार टिटवाळ्याला जायला लागला. पंखा बंद, मावशी हातपंख्याने बाईंना वारा घालायची आणि मधूनच थोडा वारा माझ्याकडेही. आणि पहिल्याच शुक्रवारी सुई व्यवस्थित वर चढली. संथ, एकसारखी लहर, पुस्तकात दाखवतात तशी. आत काहीतरी शाबूत होतं. पण लहर असणं वेगळं आणि माणूस असणं वेगळं, हे मला कळत होतं. लहर मोडून दाखवली तरच काकांना उत्तर मिळणार होतं.

मी बाईंच्या कानाशी वाकून सगळी रीत समजावली. होय म्हणायचं असेल तर मनात पाढे म्हणा. मग विचारलं, बाई, माझा आवाज येतोय का?

सुई वर होती तशीच राहिली.

पुन्हा विचारलं. जरा मोठ्याने विचारलं. काकांनी विचारलं. त्या शुक्रवारी, पुढच्या शुक्रवारी, त्याच्या पुढच्या शुक्रवारी. चकत्यांची जागा बदलली, लावायचं मलम बदललं, बॅटऱ्या बदलल्या. सुई ढिम्म. काका दर वेळी मला स्टेशनपर्यंत सोडायला यायचे आणि वाटेत यंत्र सोडून सगळ्या विषयांवर बोलायचे. ते मला सगळ्यात जड जायचं.

दिवाळीत मुलगा आला. त्यातला एक दिवस शुक्रवार होता, त्यामुळे मी यंत्र घेऊन हजर होते. आम्ही शाळेपासून एकमेकांना ओळखत असल्याने त्याने आडपडदा ठेवला नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून तो बराच वेळ सुईकडे बघत होता. मग काकांकडे वळून म्हणाला, "बाबा, ही आई नाहीये. आई त्या दिवशीच गेली. आपण नुसतं शरीर सांभाळतोय."

नेमकी तेव्हा सुई खाली पडली. मी त्याच्यावरच खेकसले की पलंगाला धक्का देऊ नकोस, तारा हलतात. त्याने धक्का दिला नव्हता म्हणून सांगितलं, पण मला वाद घालायचा नव्हता. थोड्या वेळाने सुई आपली परत वर गेली आणि मी तो विषय सोडून दिला. निघताना तो मला बाहेर गाठून म्हणाला, "अगं, तू हे सगळं चांगल्या मनाने करतेयस, मान्य. पण त्यांना आशेवर नको ठेवूस, प्लीज. त्यांची कंबर बघितलीस का?"

मला त्याचा भयंकर राग आला. राग आला कारण त्याचं म्हणणं रास्त होतं. मार्गदर्शकही तेच म्हणत होते. त्यांच्या मते मी एका रुग्णापायी विषय वाया घालवत होते. धडधाकट दहा विद्यार्थी घ्यावेत, त्यांच्यावर मोजमाप करावं, प्रबंध संपवावा. घरी आईसुद्धा म्हणायला लागली की शुक्रवारी तरी जरा घरी थांब. पण मी हट्टाला पेटले होते. माझ्या डोक्यात एकच हिशोब होता. बाईंची लहर निरोगी माणसासारखी आहे. निरोगी लहर पाढ्याने मोडते, मी स्वतःवर पाहिलंय. मग एक तर बाई आत नाहीत, नाहीतर माझ्या रीतीत कुठेतरी चूक आहे. बाई आत नाहीत हे मानायला मी तयार नव्हते. म्हणजे रीत चुकीची, आणि रीत चुकली तर बाई काय करायच्या ते मला ठाऊक होतं. बरोबर होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

संक्रांत तोंडावर आलेली. त्या शुक्रवारी काका औषधं आणायला कल्याणला गेलेले, मावशी काम उरकून गेलेली. घरात बाई आणि मी. मी नेहमीसारखं विचारलं, सुईने नेहमीसारखं दुर्लक्ष केलं, आणि माझा तोल सुटला. मी बाईंना चक्क रागावले. म्हटलं, बाई, साधा पाढा म्हणायचाय हो, तुम्ही आमच्याकडून किती वेळा म्हणवून घेतलात, एकदा माझ्यासाठी म्हणा. हे बघा, मी म्हणते तुमच्याबरोबर. आणि मी मोठ्याने एकोणतीसचा पाढा सुरू केला. का, तर शाळेत त्याच पाढ्याला मी कायम अडायचे आणि त्याच पाढ्याला बाई मला उभं करायच्या.

एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. सुई वर. त्रिक सत्त्याऐंशी, चोक एकशे सोळा. सुई वर. पंचे, सक, नीट गेले. "एकोणतीस साते दोनशे तेरा," मी म्हणाले.

सुई खाली पडली.

मी सवयीने तारा बघितल्या. सगळ्या जागच्या जागी. मग मीच काय म्हणाले ते मला ऐकू आलं. मी हळूच म्हटलं, नाही, दोनशे तीन. सुई सावकाश वर चढायला लागली. पुढे आठे बरोबर म्हणाले, सुई हलली नाही. नव्वे मुद्दाम चुकवलं, दोनशे एकसष्टच्या जागी दोनशे एकावन्न म्हणाले. सुई धपकन खाली. दुरुस्त केलं, वर. सतराचा पाढा घेतला, तेवीसचा घेतला. बरोबर असेपर्यंत सुई वर, चुकलं की खाली. खडू टेबलावर, डोळे बंद. मी बाईंच्या उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडताना हसूही येत होतं, कारण माझ्या आयुष्यात चुकीच्या पाढ्याने माझं पहिल्यांदाच भलं केलेलं.

मग सगळं उलगडलं. पाढ्याने लहर मोडते हे मी कुणावर तपासलेलं? स्वतःवर. मला पाढे म्हणताना घाम फुटतो. बाईंच्या पिढीचे पाढे झोपेतसुद्धा चालू असायचे, पावकी, निमकी, दीडकी हे अपूर्णांकांचेसुद्धा. घरात केर काढताना, दूध तापवताना त्या ओठांतल्या ओठांत पाढे पुटपुटायच्या, असं काकांनी मला सांगितलेलंही होतं. पाढा म्हणणं म्हणजे बाईंचा आराम. इतके शुक्रवार त्या बिचाऱ्या मी सांगितल्याप्रमाणे इमानदारीत पाढे म्हणत पडलेल्या, होय होय म्हणत पडलेल्या, आणि त्याने त्यांची लहर आणखीच निवांत होत होती. पाढ्यांवर वाढलेली आमची माणसं नसती तर ही रीत केव्हाच चालली असती.

मी डोळे पुसले आणि कानाशी वाकून म्हटलं, "बाई, रीत माझी चुकली. पाढे नकोत. सदतीस गुणिले अठ्ठेचाळीस करा, मनात."

सुई पडली, काही क्षण खाली राहिली आणि वर आली. मी पण मनात तोच गुणाकार करत होते. सुई वर आली तेव्हा मी अजून हातच्यातच अडकलेले.

काका आले तेव्हा मी सुईकडे बोट दाखवून त्यांना पाढ्याचा प्रकार सांगितला. त्यांनी औषधाची पिशवी खुंटीला लावली, स्टुलावर बसले, घसा साफ केला. एवढ्या दिवसांनी बोलायचं म्हणजे काय बोलणार. ते म्हणाले, "एकोणतीस साते दोनशे चार." सुई पडलेली बघून त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि मला म्हणाले, आहे. आणखी काही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

आता प्रश्न मुलाचा. त्याला यायला फक्त रविवार मोकळा, आणि रविवारी इमारतीत वीज. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी दुपारी तो येणार होता, सोबत पुण्याच्या त्या जागेचा निरोप घेऊन. मी त्या दिवसाची रजा टाकली आणि जिने चढून दारोदार गेले. थोडा वेळ सगळ्यांनी आपापला मेन स्विच बंद ठेवायचा, एवढंच मागणं. पण रविवारची दुपार, टीव्हीवर संध्याकाळी सिनेमा. एका काकूंनी विचारलं, सिनेमाच्या आत होईल ना? एका गृहस्थांना हा भुताखेताचा प्रकार वाटला. शेवटी काका स्वतः वर आले, दुखरी कंबर धरत एकेका दारात उभे राहिले आणि म्हणाले, मला बायकोशी बोलायचंय, वीज मध्ये येते. नंतर कुणी नाही म्हणालं नाही. त्या दुपारी सगळी इमारत वीज बंद करून जिन्यावर येऊन बसलेली, कुजबुजसुद्धा न करता.

मुलगा आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला मी आणि काका दोघेही वेड लागलेले वाटत होतो. तो स्टुलावर बसला आणि एकोणतीसचा पाढा म्हणायला लागला. दहापर्यंत एकही चूक नाही. सुई हलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ. काहीच नाही झालं."

"तू चुकला नाहीस," मी म्हणाले. "मुद्दाम चूक."

तो लहान आवाजात म्हणाला, एकोणतीस चोक एकशे सहा. सुई पडली. तो पुन्हा म्हणाला, एकशे सोळा. सुई वर आली. त्याने मान खाली घातली. शाळेत त्या टेबलासमोर उभा राहायचा अगदी तसाच बसलेला. मला त्याच्याबद्दलचा राग आठवेना.

मग मी बाईंना सांगितलं, होय असेल तर अवघड गुणाकार करा, नाही असेल तर स्वस्थ राहा. विचारायचं काम मुलाने करायचं ठरलं. त्याने विचारलं, "आई, पुण्याला येतेस?" सुई वरच राहिली. आम्ही पुरेसा वेळ दिला. मग त्याने उलटं विचारलं, "इथेच राहायचंय?" सुई खाली. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. मुलगा म्हणाला, बरं, मग इथेच, मी कुणीतरी पूर्ण वेळ मदतीला बघतो. संक्रांतीचा आणि पुण्याचा प्रश्न तिथे संपला. बाई पुढे होत्या तोवर टिटवाळ्यालाच होत्या, आणि माझे शुक्रवारही.

मी यंत्र आवरायला घेतलं, तर तो म्हणाला, थांब, अजून एक. पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला, दिवाळीत उभा होता तिथेच. काय विचारणार ते मला कळलं आणि त्याला अडवावंसं वाटलं, पण मला तो अधिकार नव्हता.

"आई, दिवाळीत मी इथे उभा राहून जे बोललो, ते तू ऐकलंस का?"

सुई वर होती. आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो. ती हलली नाही. मी थांबले, आणखी थांबले. वर, स्थिर.

"नाही ऐकलं," तो म्हणाला आणि त्याचा श्वास सुटला. त्याने चेहरा पुसला. मग पुढे होऊन तिच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, आई, थकलीस का. सुई ताबडतोब खाली पडली. म्हणजे चकत्या जागेवर होत्या, बॅटरी ठीक होती, बाई जाग्या होत्या.

दिवाळीतल्या त्या शुक्रवारी सुई पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली. त्याने पलंगाला धक्का दिला नव्हता. बाईंनी शब्द न शब्द ऐकलेला. एकोणतीस साते दोनशे तेरा ज्यांना सोसलं नाही, साहेबांच्या हातात ज्यांनी डस्टर दिला, त्या बाईंनी त्या दुपारी मुलाला जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं. मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. आम्ही दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही.

जिन्यावरून कुणीतरी अगदी हळू विचारलं, झालं का हो, सिनेमा सुरू होतोय. मी बाईंच्या केसांतून चकत्या सोडवल्या, मलम पुसून घेतलं, वेणी परत घातली. काकांनी जाऊन मेन स्विच वर केला.